लाकडी सांगाड्याचे जुने घर, गोठा आणि ते सावरणारे सुतार

दापोली तालुक्यात, आंजर्ले ते केळशी या पट्ट्यातील एका वाडीत आमचे वडिलोपार्जित घर आणि त्याच्या बाजूचा गुरांचा गोठा आहे. या दोन्हींच्या लाकडी सांगाड्याची दुरुस्ती गेल्या हंगामात एका छोट्या सुतार-पथकाकडून करून घेतली. त्या पथकाच्या कामाविषयीचा हा अभिप्राय आहे. पथकाचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे काही उणिवा रोखठोक मांडायच्या आहेत आणि मोजक्या माणसांच्या अशा पथकाचे पोट तोंडोतोंडी मिळणाऱ्या कामांवर चालते. जुन्या घराची डागडुजी करू पाहणाऱ्या माणसाला कोकणात आज सहसा दोनच सल्ले मिळतात: पाडून स्लॅब टाका, नाही तर पत्रे मारून मोकळे व्हा. सांगाडा ओळखणारा सुतार भेटला तर तिसरा मार्गही आहे, आणि लाकूडकामापुरते बोलायचे तर या पथकाने तो उत्तम रीतीने दाखवून दिला. चिऱ्याच्या (जांभ्याच्या घडीव दगडाच्या) आणि गिलाव्याच्या कामात मात्र त्यांनी निराशा केली.

कामाचे मोल कळण्यासाठी आधी घराची बांधणी समजून घेणे आवश्यक आहे. घर साध्या शेतकऱ्याचे आहे. खोतांच्या वाड्याचा थाट त्यात नाही. पुढे सारवलेले खळे, मग जांभ्याच्या जोत्यावर पडवी, ओटी, त्यामागे माजघर, एका अंगाला देवघर आणि बाळंतिणीची खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, आणि सर्वांत मागे परसाकडे उघडणारी मागची पडवी, असा हा नेहमीचा क्रम आहे. माजघराच्या चार कोपऱ्यांवरचे सागाचे खांब सर्वांत जाड आणि उंच आहेत. त्यांच्या माथ्यावर ऐनाच्या लाकडाच्या तुळया बसवलेल्या आहेत, तुळयांच्या मध्यावर आखूड खांब उभे करून त्यांवर आढे, म्हणजे छपराच्या कण्याचे आडवे लाकूड, ठेवलेले आहे, आणि आढ्यापासून निघालेले वासे दोन्ही पाख्यांवरून (छपराच्या उतारांवरून) उतरत थेट पडवीच्या बुटक्या खांबांपर्यंत पोहोचतात. प्रत्येक खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, नुसता टेकलेला आहे. जमिनीत काहीही गाडलेले नाही. भिंती पूर्वी कुडाच्या होत्या, आजोबांच्या काळात त्या काढून खांबांच्या मधल्या जागेत चिरे रचण्यात आले. म्हणजे भिंतीचे काम आडोशाचे आहे, छपराचा भार ती पेलत नाही. दुरुस्तीच्या वेळी मागच्या बाजूची अख्खी भिंत उतरवली तरी वरचे कौल हलले नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन पाहिले आणि काहींना तेव्हाच प्रथम पटले.

वासे आजच्या नजरेला अवाजवी जाड वाटतात. त्याचे कारण पथकाच्या मुख्य मिस्त्रींनी वर चढल्यावर लगेच दाखवले: वाशांच्या पाठीवर सध्याच्या रिपांशी (कौले टेकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्यांशी) न जुळणारी जुन्या खिळ्यांची भोके आहेत, आणि त्यांतले अंतर मंगलोरी कौलांच्या मापाचे नाही. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. त्यानंतर ही चपटी, एकमेकांत अडकणारी कौले हळूहळू किनाऱ्यावर वरपर्यंत पसरली. त्याआधी घरांवर कुंभाराने घडवलेले नळे (अर्धगोल कौले) असत, आणि ते उलटसुलट थरांनी घालावे लागत असल्यामुळे छप्पर बरेच जड होई. आमचे वासे त्या जड छपरासाठी घडवलेले आहेत. याचा व्यवहारातला अर्थ असा की वासा थोडासा किडला असला तरी त्यात शिल्लक ताकद भरपूर असते आणि तो घाईघाईने बदलण्याची गरज नसते. आधी आलेल्या एका ठेकेदाराने निम्म्याहून अधिक वासे बाद ठरवले होते, आणि या पथकाने त्यांतले मोजकेच उतरवले.

नुकसान मुळात झाले ते 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात. वारा मागच्या पडवीच्या उघड्या तोंडातून आत शिरला आणि त्याने कौले खालून उचलली. मंगलोरी कौल सुमारे अडीच किलोचे असते आणि आपल्या वजनावरच जागेवर राहते, त्यामुळे वळचणीच्या रांगा प्रथम गेल्या आणि मग वाट मोकळी झाल्यासारखे वरचेही छप्पर उघडे पडले. पुढचे काही पावसाळे ताडपत्री आणि पत्र्यांच्या ठिगळांवर निभावले. जेथे पत्रा आणि कौल एकत्र येतात तेथे पाणी गळत राहिले आणि ते नेमके मागच्या तुळईच्या टोकावर, म्हणजे चिऱ्यात दडलेल्या भागावर, मुरत गेले. दुसरे कारण अधिक संथ आणि घरातलेच होते. स्वयंपाकघरातली चूल बंद होऊन गॅस आल्यापासून वरच्या वाशांना धूर मिळेनासा झाला होता. धुराची काजळी धरलेले लाकूड किडीला सहसा रुचत नाही. चूल गेली आणि काही वर्षांतच त्या भागातून पिवळा भुगा गळू लागला.

पथकाच्या पाहणीबद्दल सर्वांत आधी चांगले लिहिले पाहिजे. मिस्त्रींनी दोन्ही वास्तूंतले प्रत्येक लाकूड पटाशीच्या मुठीने ठोकून पाहिले. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द वाजते. जेथे आवाज बद्द आला तेथे दाभण खुपसून कीड किती खोल गेली आहे ते पाहण्यात आले. त्यानंतर गेरूने खुणा झाल्या: ठेवायचे, जोड द्यायचा, बदलायचे. सोबतच्या तरुण सहकाऱ्याने ओळंबा सोडून खांब किती झुकले आहेत ते मोजले आणि सगळा सांगाडा वहीत रेखाटला. या पाहणीचे पैसे वेगळे घेतले जातात आणि काम दिले नाही तरी ते परत मिळत नाहीत. काहींना हे खटकेल, पण आम्हांला ते रास्त वाटले, कारण ती वही आता आमच्याकडे आहे आणि घराविषयी इतकी माहिती आमच्या कुटुंबात कोणालाही नव्हती.

पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाचा खालचा दोन फुटांचा भाग वाळवीने पोकळ केला होता. आम्ही नवा खांब घालण्याच्या तयारीत होतो. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, खांबाला काही झालेलं नाही, पाय गेलाय. पायच बदलू." मग खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू लावून आणि जॅकने तुळई जेमतेम सुटेल इतकी उचलून कुजका भाग कापला गेला, आणि त्याजागी पाडलेल्या एका घरातून मिळालेल्या जुन्या ऐनाचा तुकडा जोडण्यात आला. जोड सरळ छेदाचा नव्हता. दोन्ही तुकडे हातभर लांबीवर अर्धेअर्धे तासले होते, टोके तिरपी कापलेली होती, आणि आरपार खैराच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. खुंटीसाठी दोन्ही तुकड्यांत पाडलेली भोके मुद्दाम केसभर पुढेमागे ठेवतात, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जातो. या कामात डिंक किंवा लोखंडी पट्टी कोठेही वापरलेली नाही. तिरप्या टोकांमुळे वरून झिरपणारे पाणी सांध्यात साचत नाही, बाहेर निघून जाते. सांध्यावर बोट फिरवले तर रेघ लागते, नख मात्र शिरत नाही. दोन माणसांचे या एका खांबावर दोन दिवस गेले, आणि नव्या खांबाच्या किमतीशी तुलना करता त्यात फारशी बचत झाली नाही हेही सांगितले पाहिजे. लाभ आहे तो दुसरा: वरचा जुना साग आणि त्यावरची साधी, चौकोनी फुलांची कोरीव पट्टी जागच्या जागी राहिली, आणि माथ्यावरचा कुसवाचा (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेला) सांधा उकलावा लागला नाही.

खिळ्यांविषयी त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजतो हे सगळ्यांना माहीत असते, परंतु ऐनासारख्या तुरट लाकडात तो आतूनही खाल्ला जातो आणि भोवतालचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते. जुन्या सुतारांनी मुख्य सांध्यांत लाकडी खुंट्याच वापरल्या त्यामागे लोखंडाची टंचाई हे एक कारण असेल, पण टिकाऊपणाचा हा हिशेबही होता. आमच्या घरात वडिलांच्या काळात जेथे जेथे खिळे ठोकून डागडुजी झाली होती, तेथेच आज लाकूड सर्वांत वाईट अवस्थेत सापडले.

आता गोठ्याविषयी, कारण या पथकाची खरी पारख तेथे झाली. बहुतेक ठेकेदार गोठ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पाडून पत्र्याची शेड घालून देतो, एवढेच त्यांचे उत्तर असते. आमचा गोठा पाच खणांचा, म्हणजे खांबांच्या रांगांमधल्या पाच गाळ्यांचा, आहे. नैर्ऋत्येकडून पाऊस झोडपतो म्हणून त्या बाजूचे पाखे माणसाच्या छातीइतके खाली उतरवलेले आहे, तेथे कमरेएवढी चिऱ्याची भिंत आहे आणि तिच्यावर बांबूच्या कामट्यांची जाळी. विरुद्ध बाजूचे दार मात्र पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतलेला माणूस न वाकता आत येईल इतके उंच आहे. मधोमध गव्हाण, एका बाजूला दावण, आणि वर पेंढ्याचा माळा आहे. माळ्याची जमीन पोफळीच्या फाळ्यांची आहे आणि त्या मुद्दाम बोटभर अंतरावर घातलेल्या आहेत. खालून हवा खेळती राहते, वरचा पेंढा कुबट होत नाही, आणि गव्हाणीच्या बरोबर वर सोडलेल्या फटीतून पेंढा ओढला की तो थेट गुरांच्या तोंडापुढे पडतो. आता जनावरे दोनच उरली आहेत, पण व्यवस्था तशीच चालते. घर बांधणाऱ्याने दिखाव्यासाठी एखादी गोष्ट केली असेल. गोठ्यात निरुपयोगी असे काहीच सापडत नाही, आणि म्हणूनच बांधणीची समज जितकी घरात दिसते त्याहून अधिक मला येथे दिसली.

येथील लाकूड ओबडधोबड आहे. मधल्या रांगेत नैसर्गिक बेळक्याच्या मेढी आहेत, म्हणजे फांदी फुटलेल्या झाडाचा बुंधाच उभा करून त्याच्या बेचक्यात आडवे लाकूड ठेवलेले आहे, त्यामुळे तेथे सांधा करण्याची गरजच पडलेली नाही. दुसऱ्या खणावरची तुळई मात्र घडीव निघाली. तिच्या एका अंगाला रिकाम्या खाचा होत्या, ज्यांत आज काहीच बसत नाही, टोकाजवळ पटाशीने मारलेल्या तीन रेघांची खूण होती, आणि खालच्या कडेवर ठरावीक अंतरावर दोन गुळगुळीत झिजलेल्या खोबणी होत्या. मिस्त्रींनी खालून टेप लावून ते अंतर मोजले आणि झोपाळ्याच्या कड्यांचे आहे असे सांगितले. ओटीवरच्या झोपाळ्याशी ते जुळले. म्हणजे सध्याच्या घराआधी येथे दुसरे घर होते, त्याच्या ओटीची तुळई गोठ्यात आली, आणि तीन रेघांची खूण ही सुताराने जमिनीवर सांगाडा जुळवून पाहताना घातलेला क्रमांक आहे. या तर्काला कागदाचा आधार नाही, पण लाकडाचा आहे, आणि तो मला पुरेसा वाटतो.

गोठ्याच्या बाहेरच्या रांगेतील खांब जमिनीत गाडलेले होते आणि सगळे जमिनीच्या पातळीवरच कुजले होते. खाली, मातीच्या आत, हवा कमी असल्यामुळे लाकूड त्या मानाने चांगले राहते आणि वर ते वाळते. ओल आणि हवा दोन्ही जेथे मिळतात त्या पट्ट्यातच बुरशी वाढते. त्यात गोमूत्राची सततची ओल. पथकाने कुजका भाग कापून खांब काळ्या दगडाच्या दीड फूट उंच बैठकींवर घेतले. येथपर्यंत कोणीही करू शकले असते. परंतु गाडलेला खांब वाऱ्याच्या धक्क्याला जो आडवा विरोध करतो तो दगडावर टेकलेला खांब करू शकत नाही, आणि ही गोष्ट लक्षात न घेता उचललेले गोठे पुढच्या वादळात एका अंगाला कलंडतात. या पथकाने प्रत्येक खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके दांडे घालून सांगाडा ताठ केला, आणि ते दांडे गुरांच्या शिंगांच्या वर राहतील अशी उंची आधी गायीशेजारी उभे राहून ठरवली. माझ्या मते संपूर्ण कामातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

छपराचे काम चोख झाले. शाबूत कौले उतरवून, घासून, पुन्हा चढवली; कडेच्या आणि वळचणीच्या रांगा कौलांच्या खालच्या भोकांतून न गंजणारी तार ओवून रिपांना बांधल्या. गोठ्यात उजेडासाठी काचेची कौले घातली. लाकडाला सगळीकडे डिंबेल लावले, म्हणजे काजूच्या टरफलांचे तेल, जे होड्यांनाही लावतात. ते वाळवीवर उपयुक्त आहे, पण कातडीवर उडाले तर फोड येतात आणि वास बरेच दिवस जात नाही. लहान मुले घरात असतील तर हे काम कोणत्या आठवड्यात होणार ते आधीच विचारून घ्यावे. आम्हांला कोणी सांगितले नाही.

लाकूड कोठून आणायचे हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या माथी आहे. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, फणस आणि आंबाही आहे, त्यामुळे स्वतःच्या परसातला फणस तोडायचा असला तरी परवानगी लागते. पथक या कागदपत्रांत पडत नाही. ते पाडलेल्या घरांचे लाकूड सुचवतात आणि निवडायला स्वतः सोबत येतात, ही जमेची बाजू. जुने लाकूड पुरते वाळलेले असते, नंतर पिळत नाही. मात्र त्यातले जुने खिळे काढण्याचा वेळ मजुरीत धरला जातो, हे आम्हांला बिल आल्यावर कळले.

आता निराशेविषयी. उतरवलेली मागची भिंत पुन्हा रचण्यासाठी त्यांनी स्वतःचा गवंडी आणला आणि त्याने चिरे सिमेंटमध्ये बसवून वर सिमेंटचाच गिलावा केला. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि नंतर सोडतो. चिऱ्यांमधले सांधे मातीचे किंवा चुन्याचे असले तर हे श्वसन चालू राहते, सिमेंटच्या कवचात कोंडते, आणि कोंडलेली ओल शेवटी भिंतीतल्या लाकडाकडे वळते. ज्या तुळईचे टोक ओलीने कुजले म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच टोकाभोवती पुन्हा सिमेंट थापलेले पाहून राग आला. मिस्त्रींना ही चूक दाखवताच त्यांनी मान्य केली आणि तुळईच्या टोकाभोवती चार बोटे मोकळी जागा ठेवून घेतली, पण बाकीचा गिलावा तसाच आहे. लाकडाच्या बाबतीत केसभर अंतराचा विचार करणारी माणसे भिंत परक्यावर सोपवून निर्धास्त होतात, ही त्यांच्या पद्धतीतली उणीव आहे, आणि ती एका गवंड्यापुरती मर्यादित नाही असे त्यांची अन्य दोन कामे पाहिल्यावर म्हणावे लागते.

वेळ आणि खर्च यांचीही तक्रार आहे. काम देवदिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत संपायचे होते. ते वैशाख उलटेपर्यंत लांबले, गोठ्याचे एक पाखे उघडे असतानाच वळवाचा पाऊस येऊन गेला, आणि माळ्यावरचा पेंढा भिजून फुकट गेला. मृगाच्या तोंडावर गावात एकही मजूर मोकळा नसतो, त्यामुळे शेवटचे आठवडे कमालीच्या घाईत गेले. अंदाजपत्रकापेक्षा खर्च सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढला. जुन्या घरात उघडल्याशिवाय नेमके कळत नाही हे मान्य आहे, पण वाढीव कामाची लेखी कल्पना आधी मिळायला हवी होती. याबाबत बोलणी झाल्यावर त्यांनी शेवटच्या हप्त्यात काही रक्कम सोडली, आणि ती कुरकुर न करता सोडली.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. छपरातून कोठेही गळती नाही. खांबांचे जोड फुगले नाहीत किंवा सुटले नाहीत, गोठ्याचा सांगाडा जोराच्या वाऱ्यातही करकरला नाही. मागच्या भिंतीवर मात्र आतून क्षाराचे पांढरे डाग आले आहेत. पावसाळा संपताच मिस्त्री न बोलावता येऊन सगळे सांधे पुन्हा पाहून गेले आणि सैल झालेल्या दोन खुंट्या ठोकून गेले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

ज्यांच्या घराचा सांगाडा लाकडी आहे आणि जे स्वतः किंवा ज्यांचे कोणी जबाबदार नातेवाईक कामाच्या काळात गावी राहू शकतात, त्यांनी या तऱ्हेच्या पथकाकडे लाकूड आणि छप्पर नि:शंक सोपवावे. मुंबई-पुण्यात बसून फोनवर काम उरकू पाहणाऱ्यांनी हे धाडस करू नये, कारण रोज निर्णय घ्यावे लागतात आणि ते पथक एकट्याने घेत नाही. करार करताना लाकूडकाम आणि गवंडीकाम वेगळे लिहून घ्यावे, गिलावा चुन्याचा की मातीचा हे त्यातच नमूद करावे, आणि छप्पर चैत्रापर्यंत बंद होण्याची अट घालावी. पथक एका वेळी एकच काम घेते आणि दसऱ्याच्या सुमारास पुढच्या हंगामाची कामे ठरवते. आमच्या न्हाणीघराच्या छपराचे काम येत्या हंगामात त्यांनाच दिले आहे. मागच्या भिंतीचा गिलावा खरवडून पुन्हा करण्यासाठी मात्र चुन्याचे काम येणारा गावातलाच गवंडी सांगून ठेवला आहे.